छपराच्या वॉरंटीचे परीक्षण : वर्षे किती, यापेक्षा मजुरी कोण देणार

नवे छप्पर घालताना पत्र्याची जाडी, कौलाचा आवाज, शिंगलचा (ओळीने एकावर एक चढवत बसवण्याच्या चपट्या डांबरी तुकड्यांचा) रंग हे सारे घरमालक हाताळून पाहतो. मात्र त्याच मालाबरोबर येणारे हमीपत्र बहुधा बिलाला टाचून कपाटात जाते आणि पहिली गळती लागेपर्यंत तिथेच राहते. वास्तविक त्या कागदाचेही पैसे आपण मोजलेले असतात. दोन सारख्याच दिसणाऱ्या मालांपैकी महाग माल निवडण्याचे कारण पुष्कळदा ‘याला दहा वर्षे जास्त वॉरंटी आहे’ एवढेच असते. म्हणून या लेखात छपराऐवजी छपराच्या वॉरंटीचे परीक्षण केले आहे, आणि ते करताना प्रत्येक प्रकारच्या हमीपत्राला तीन प्रश्न विचारले आहेत : नुकसान झाल्यास नेमके काय मिळते, ते कोण देतो, आणि कोणत्या कारणाने ते नाकारले जाऊ शकते. माझे मत आधीच सांगतो. पहिल्या पानावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला वर्षांचा आकडा हा या कागदावरचा सर्वांत कमी उपयोगी मजकूर आहे, आणि मजुरी कोणी द्यायची हे सांगणारे आतल्या पानावरचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे.

घराच्या छपरावर साधारणपणे दोन वेगळ्या वॉरंट्या लागू असतात आणि त्या देणारे पक्षही वेगळे असतात. माल बनवणारी कंपनी मालाच्या दोषाची हमी देते. छप्पर बसवणारा कंत्राटदार आपल्या कामाची हमी देतो. या दोहोंना एकत्र बांधणारी तिसरी, संपूर्ण छप्पर-प्रणालीची वॉरंटी काही कंपन्या देतात. तिच्यासाठी सगळे सुटे भाग एकाच कंपनीचे आणि बसवणारा त्या कंपनीने मान्यता दिलेला असावा लागतो. विक्रेता ‘पंचवीस वर्षांची वॉरंटी’ असे म्हणतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकाराबद्दल बोलत असतो, आणि ऐकणारा मात्र तिसऱ्या प्रकाराची कल्पना करत असतो. पुढच्या बहुतेक तक्रारी या एका गैरसमजातून जन्म घेतात.

कंपनीच्या वॉरंटीचा गाभा म्हणजे उत्पादनदोष. पत्र्यावरचा मुलामा सुटणे, रंगाचा थर पापुद्र्यासारखा निघणे, शिंगलला कारखान्यातील चुकीमुळे तडे जाणे, पॉलिकार्बोनेटचा (एका प्लास्टिकचा) पारदर्शक पत्रा वेळेआधी पिवळा पडणे, असे दोष त्यात येतात. आता पाणी घरात कुठून शिरते ते पाहा. पाख्याच्या सपाट भागातून ते क्वचितच येते. ते येते धुराड्याच्या कडेने, भिंत आणि छप्पर मिळतात त्या सांध्यातून, दोन पाख्यांच्या मधल्या खोलगट ओळीतून, आढ्यावरच्या टोपणाखालून आणि स्क्रूच्या वॉशरशेजारून. या सगळ्या जागा बसवणाऱ्याच्या हातच्या आहेत. माल निर्दोष असतानाही तिथून गळती होऊ शकते, आणि तशी गळती झाली तर कंपनीची वॉरंटी, ती कितीही वर्षांची असो, लागू होत नाही. कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. जो स्क्रू तिने लावला नाही त्याची हमी तिने घ्यावी असा आग्रह धरणे योग्य नाही. आक्षेप घ्यायचा तो हमीच्या मर्यादेवर नाही. ती मर्यादा लपवून वर्षांचा आकडा पुढे करण्याच्या पद्धतीवर घ्यायचा.

दोष मान्य झाला तरी काय मिळते, हे ठरवणारे कलम सहसा ‘एकमेव उपाय’ अशा मथळ्याखाली असते आणि ते मी सर्वांत आधी वाचावे असे सांगेन. दुरुस्ती करायची, बदली माल द्यायचा की पैसे परत करायचे, यांपैकी निवड करण्याचा अधिकार बहुतेक वेळा कंपनीकडे राखलेला असतो. बदली माल म्हणजे फक्त माल. जुना पत्रा उतरवण्याची मजुरी, तो वाहून नेण्याचा खर्च, परांची आणि शिड्या, नवे स्क्रू, नवी फ्लॅशिंग (सांधे झाकणारी पट्टी) आणि पुन्हा बसवण्याची मजुरी हे सारे घरमालकाकडे राहते. गळतीमुळे छत, रंगकाम, लाकडी सामान किंवा विजेच्या उपकरणांचे जे नुकसान होते ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून स्पष्टपणे वगळलेले असते. नव्या मालाचा रंग जुन्याशी जुळेल याची हमी नसते, आणि बदललेल्या भागाला नवी वॉरंटी मिळत नाही; मूळ मुदतीतील उरलेलीच वर्षे त्याला लागू राहतात.

यात भर पडते ती घटत्या भरपाईची. अनेक हमीपत्रांत सुरुवातीची काही वर्षे पूर्ण भरपाईची असतात आणि त्यानंतर झालेल्या वापराच्या प्रमाणात रक्कम कमी होत जाते. समजा वॉरंटी ३० वर्षांची आहे, पहिली १० वर्षे पूर्ण भरपाईची आहेत आणि दोष २० वर्षे पूर्ण झाल्यावर उघड झाला. उरलेली १० वर्षे म्हणजे मुदतीचा एक तृतीयांश, म्हणून मालाच्या किमतीचा एक तृतीयांश मिळेल. छप्पर बदलण्याच्या एकूण खर्चात मालाचा वाटा शंभरात चाळीस धरला, तर कंपनीकडून येतात शंभरातले साधारण तेरा आणि घरमालकाच्या खिशातून जातात सत्त्याऐंशी. शिवाय पुष्कळ कागदांवर मालाची किंमत म्हणजे मूळ खरेदीची किंमत असे लिहिलेले असते, त्यामुळे वीस वर्षांत वाढलेल्या भावाचा भारही आपल्यावरच पडतो. हा हिशेब खरेदीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या कागदावरचे आकडे घालून करून पाहावा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतर ३० आणि ४० वर्षांच्या वॉरंटीतला फरक किती किरकोळ आहे ते लगेच दिसते. मजुरीसकट पूर्ण भरपाई देणारी पहिली दहा वर्षे ही मजुरीविना घटत्या भरपाईच्या चाळीस वर्षांपेक्षा कितीतरी मौल्यवान असतात.

‘आजीवन’ वॉरंटीबद्दलही इथेच सांगायला हवे. डांबरी शिंगलच्या बाजारात ही संज्ञा सर्रास वापरली जाते, आणि तिचा कागदावरचा अर्थ बहुधा ‘पहिल्या मालकाकडे हे घर असेपर्यंत’ असा असतो. घर एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर त्याच मालाची मुदत ४० किंवा ५० वर्षे अशी आकड्यात बांधलेली आढळते. पूर्ण भरपाईचा काळ मात्र या ‘आजीवन’ हमीतही बहुधा सुरुवातीच्या काही वर्षांपुरताच असतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन–मॉस कायद्याने ग्राहकोपयोगी मालाच्या लेखी वॉरंटीवर ती ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ हे लिहिणे बंधनकारक केले. म्हणूनच तिथल्या छपरांच्या हमीपत्रांवर ‘मर्यादित आजीवन’ असे शब्द शेजारी-शेजारी दिसतात. त्या दोन शब्दांपैकी पहिला वाचायचा.

वाऱ्याची वॉरंटी ही मुख्य वॉरंटीच्या आत दडलेली वेगळी, कमी मुदतीची वॉरंटी असते. शिंगलच्या बाबतीत ती ताशी ११० मैल, म्हणजे सुमारे १७७ किलोमीटर वेगापर्यंत दिलेली आढळते आणि प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे मारले, छपराच्या कडेला शिंगलच्या पहिल्या ओळीखाली बसणारी सुरुवातीची पट्टीही कंपनीचीच वापरली तर ती ताशी १३० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २०९ किलोमीटरपर्यंत वाढते. खिळे आखून दिलेल्या पट्टीतच बसले पाहिजेत. ते थोडे वर गेले की पकड कमी होते आणि वादळानंतर येणारा तपासनीस नेमके तेच पाहतो. शिंगल एकमेकांना चिकटवणारी डांबराची पट्टी उन्हाच्या उष्णतेने जुळते, त्यामुळे थंडीत घातलेल्या छपरावर ती जुळेपर्यंतच्या काळाबद्दल कंपनी काय म्हणते हेही वाचून घ्यावे.

गारांच्या बाबतीत एक चूक फार सहज होते. यूएल २२१८ या आघात सोसण्याच्या अमेरिकी चाचणीत चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या मालावर २ इंच व्यासाचा पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि माल फुटला नाही तर तो उत्तीर्ण ठरतो. माल निवडताना ही श्रेणी नक्की पाहावी. पण चाचणीत उत्तीर्ण होणे वेगळे आणि गारांनी झालेल्या नुकसानीची वॉरंटी असणे वेगळे; चौथ्या श्रेणीचा माल विकणाऱ्या कंपनीच्या कागदावरही गारांचे नुकसान वगळलेले असू शकते. वादळ, गारा, पडलेले झाड, आग ही अचानक येणारी संकटे विम्याच्या कक्षेत येतात. वॉरंटी दोषाची असते, विमा घटनेचा असतो, आणि घरमालकाला दोन्ही लागतात.

धातूच्या पत्र्यांची हमीपत्रे मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतात, कारण त्यांत मोजता येणाऱ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. ती वाचताना मात्र एकाच पत्र्यावर दोन वेगळ्या हमी असतात हे लक्षात ठेवावे. पहिली हमी गंजून आरपार भोक पडण्याविरुद्ध असते. ॲल्युमिनियम-झिंकचा (झिंक म्हणजे जस्त) जो प्रचलित मुलामा पोलादावर चढवतात त्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के झिंक आणि १.६ टक्के सिलिकॉन असते, आणि तो साध्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा बराच जास्त टिकतो. तरीही ‘आरपार भोक’ ही अट कडक आहे : पत्र्यावर तांबूस डाग पडले, कापलेल्या कडेला गंज चढला, तरी भोक पडलेले नसेल तर या हमीखाली दावा उभा राहत नाही. दुसरी हमी रंगाची. तीत रंग किती फिकट होईल हे डेल्टा ई या रंगातला फरक मोजणाऱ्या मापात आणि पृष्ठभागावर किती भुकटी सुटेल हे श्रेणीत लिहिलेले असते. पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकवर आधारलेल्या रंगाची हमी साध्या पॉलिस्टर रंगापेक्षा लांब मुदतीची आणि कडक मापांची असते. म्हणून दोन पत्र्यांची तुलना करताना रंगाचा प्रकार आणि डेल्टा ईचा आकडा विचारावा; विक्रेत्याला तो सांगता येत नसेल तर छापील हमीपत्र मागावे. एका पाख्यावर ऊन जास्त आणि दुसऱ्यावर कमी, त्यामुळे दोन्ही पाखी वेगवेगळ्या छटांची दिसू लागली, तर तो दोष मानला जात नाही.

पत्र्याच्या वॉरंटीतील अपवादांची यादी ही खरे तर छप्पर कसे सांभाळावे याची उत्तम पुस्तिका आहे, आणि घरमालकाने ती त्याच दृष्टीने वाचावी. खाऱ्या पाण्यापासून ठरावीक अंतराच्या आत हमी कमी होते किंवा मिळतच नाही. जनावरांच्या गोठ्यावर, रासायनिक धुराजवळ किंवा खतांच्या साठ्यावर ती लागू नसते. तांब्याच्या नळावरून किंवा पट्टीवरून ओघळणारे पाणी ॲल्युमिनियम-झिंकच्या पत्र्यावर पडले तर मुलामा झपाट्याने खराब होतो. ओल्या सिमेंटचा आणि चुन्याचा स्पर्शही त्याला मारक असतो. पत्रा कापताना आणि भोके पाडताना उडालेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढला नाही तर तो पहिल्या पावसात गंजतो आणि पत्र्यावर डाग पाडतो. शिसपेन्सिलीने केलेल्या खुणांनीही या मुलाम्याला इजा होते, म्हणून कारागिराला खुणेसाठी मार्कर द्यावा. बसवण्याआधी एकावर एक रचून ठेवलेल्या पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरले तर पांढरी बुरशीसारखी गंज येते आणि ती वॉरंटीत बसत नाही. आणखी एक अट फार थोड्यांना माहीत असते : वळचणीखालचा जो भाग पावसाने आपोआप धुतला जात नाही, तो ठरावीक काळाने साध्या पाण्याने धुण्याची जबाबदारी मालकाची असते, कारण मीठ आणि धूळ तिथेच साचते. धुतल्याच्या तारखा वहीत लिहून ठेवलेल्या असल्या तर दाव्याच्या वेळी त्या कामाला येतात.

अंगणावर किंवा जिन्यावर घालतात त्या पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यांची वॉरंटी बहुधा १० वर्षांची असते आणि ती प्रकाश किती आत येतो व पत्रा किती पिवळा पडतो याबद्दल असते. गळतीशी तिचा संबंध नाही. या पत्र्याच्या बहुधा एकाच बाजूला अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर असतो आणि ती बाजू वर, उन्हाकडे यावी लागते. पत्रा उलटा बसला तर वॉरंटी त्याच क्षणी संपते, आणि हे खालून पाहून कळत नाही. संरक्षक फिल्मवरचा छापील मजकूर बसवण्यापूर्वीच पाहावा आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. हा माल उष्णतेने बराच फुगतो : दर मीटरला दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०६५ मिलिमीटर. सहा मीटर लांबीचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकात जवळजवळ १६ मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. स्क्रूची भोके त्या हिशेबाने मोठी ठेवली नाहीत तर भोकापासून तडे जातात, आणि तो बसवण्यातला दोष ठरतो.

सपाट गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वॉरंटी ही माझ्या मते सर्वांत सावधपणे घेण्याची गोष्ट आहे. इथे वस्तू कारखान्यात तयार होत नाही; डबा किंवा गुंडाळी कारखान्यातून येते आणि प्रत्यक्ष थर गच्चीवर, कारागिराच्या हातून बनतो. लेपाची सुकल्यानंतरची जाडी किती असावी, किती हात द्यावेत, दोन हातांमध्ये किती वेळ जाऊ द्यावा, खाली प्रायमर कोणता, हे सारे कंपनीच्या पत्रकात असते आणि वॉरंटी त्यावरच उभी असते. एका डब्यात किती क्षेत्र व्हावे हे पत्रकात पाहून, आपल्या गच्चीच्या मापाने किती डबे लागायला हवेत याचा हिशेब घरमालकाने स्वतः करावा आणि रिकामे डबे मोजून घ्यावेत. डब्यांची संख्या कमी भरली तर थर पातळ झाला आहे, आणि मग कागदावर पाच वर्षे लिहिली काय किंवा दहा, फरक पडत नाही. डांबरी मेंब्रेनच्या (गुंडाळीतून पसरण्याच्या जलरोधक पट्ट्यांच्या) बाबतीत दोन पट्ट्यांची एकमेकींवर येणारी रुंदी आणि कोपऱ्यांवर, नळांभोवती केलेली बांधणी पाहावी. काम संपल्यावर, इमारतीला पाण्याचा भार पेलत असल्याची खात्री करून, गच्चीत पाणी साठवून निदान २४ तास, जमल्यास ४८ तास ठेवण्याची चाचणी करारातच लिहून घ्यावी आणि शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतरच द्यावा.

गच्चीच्या हमीपत्रांत साचलेल्या पाण्याचा अपवाद जवळजवळ नेहमी असतो. पाऊस थांबून ४८ तास उलटल्यावरही पाणी उभे राहिले तर ते ‘साचलेले’ समजण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. म्हणजे उतार नीट नसेल तर वॉरंटी पहिल्या दिवसापासूनच पोकळ असते, आणि उतार दुरुस्त न करता केवळ लेप मारून देणाऱ्याने दिलेली हमी किती कामाची, हे सांगायला नको. स्लॅबला पडणारे नवे तडे आणि इमारतीची हालचाल हेही वगळलेले असते.

मातीच्या कौलांबद्दल थोडक्यात : कौल स्वतः फार टिकाऊ असते आणि त्याची वॉरंटी लांब असते, परंतु कौलारू छपरात पाणी अडवण्याचे निम्मे काम कौलाखालचा थर करतो, आणि त्या थराचे आयुष्य कौलापेक्षा कमी असते. म्हणून त्या थराची हमी वेगळी मागावी. कौलावर पाय देऊन ते फुटले तर कोणतीही वॉरंटी मिळत नाही.

आता कंत्राटदाराच्या वॉरंटीकडे येतो. ती एक, दोन, पाच, क्वचित दहा वर्षांची असते. तिच्यावर सोनेरी किनार नसते आणि पुष्कळदा ती बिलाच्या तळाशी एका ओळीत उरकलेली असते. तरीही या परीक्षणात मी तिला पहिली जागा देतो. सदोष बसवणीची गळती बहुतेक वेळा पहिल्या काही पावसांतच दिसते, ती सांध्यांत असते, आणि ती दुरुस्त करायला माल थोडा व मजुरी फार लागते. नेमकी हीच मजुरी ही वॉरंटी देते. म्हणून कंत्राटदाराशी घासाघीस करायची असेल तर किमतीपेक्षा या ओळीवर करावी. ‘कामाची हमी’ एवढेच लिहून चालत नाही. गळती कळवल्यापासून किती दिवसांत तो येईल, दुरुस्तीचा माल आणि मजुरी दोन्ही त्याच्याकडे आहेत का, फ्लॅशिंग आणि पन्हळी त्यात धरल्या आहेत का, गळतीने बिघडलेले छत तो पूर्ववत करून देईल का, हे सारे लिहून, तारखेसह आणि सहीशिक्क्यासह घ्यावे. तोंडी शब्द मनापासून दिलेला असला तरी पाच वर्षांनी तो आठवणारा माणूस त्याच धंद्यात असेलच असे नाही.

हीच या वॉरंटीची खरी उणीव आहे : ती देणाऱ्याच्या व्यवसायाइतकीच टिकते. कंत्राटदाराने व्यवसाय बंद केला की कागद निरुपयोगी होतो. म्हणून त्याने दिलेल्या वर्षांच्या आकड्यापेक्षा तो किती वर्षे याच नावाने काम करतो आहे हे पाहावे, आणि त्याने पाच-सात वर्षांपूर्वी घातलेली छपरे पाहायला मागावीत. दोन वर्षे जुन्या संस्थेची वीस वर्षांची हमी मला पटत नाही; वीस वर्षे काम करणाऱ्याची पाच वर्षांची हमी मी आनंदाने घेईन. काही देशांत कंत्राटदाराच्या हमीला विम्याचे पाठबळ मिळते, म्हणजे तो व्यवसाय बंद करून गेला तरी विमा कंपनी ती हमी निभावते. अशी सोय उपलब्ध असेल तर तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य आहे.

संपूर्ण प्रणालीची वॉरंटी ही उणीव काही अंशी भरून काढते, कारण तिच्या वरच्या प्रकारांत कंपनी स्वतः बसवण्याच्या कामाचीही हमी घेते आणि मजुरी देते. मोठ्या व्यापारी इमारतींच्या सपाट छपरांसाठी ज्या हमी मिळतात त्यांतील उत्तम प्रकारांत दुरुस्तीच्या खर्चाला रकमेची कमाल मर्यादाच नसते. घरासाठी ती घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. एक, तिच्यात बसवण्याचे काम खरोखर समाविष्ट आहे का. काही ‘वाढीव’ वॉरंट्यांत फक्त मालाच्या पूर्ण भरपाईची वर्षे वाढलेली असतात. दोन, तिची नोंदणी कोणी करायची. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक दिवसांत कंपनीकडे नोंद झाली नाही तर ती वॉरंटी अस्तित्वातच येत नाही, आणि कंत्राटदाराने नोंदणी केली असे समजून घरमालक वर्षानुवर्षे निर्धास्त राहतो. कंपनीकडून आलेले, आपले नाव आणि पत्ता असलेले प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय अखेरचे पैसे देऊ नयेत. या अटी पाळल्या गेल्या तर उपलब्ध प्रकारांत ही सर्वांत परिपूर्ण वॉरंटी आहे, हे मी निःसंकोचपणे म्हणतो.

चांगली वॉरंटीही मालकाच्या एखाद्या निरुपद्रवी वाटणाऱ्या कृतीने रद्द होऊ शकते. सौर पॅनेलच्या चौकटी, अँटेना किंवा पाण्याची टाकी बसवण्यासाठी पाडलेली भोके हे त्यातले सर्वांत मोठे कारण. सौर पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी पुष्कळदा २५ वर्षांची असते, म्हणून त्याखालचे छप्पर तितके टिकणार आहे का याचा विचार आधी करावा. नाहीतर मध्येच पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च येतो आणि तो कोणत्याच हमीत बसत नाही. पॅनेल बसवणाऱ्याकडून त्याने पाडलेल्या प्रत्येक भोकाची गळतीविरुद्ध लेखी हमी घ्यावी, आणि काम सुरू होण्यापूर्वी छप्पर घालणाऱ्याची लेखी संमतीही घ्यावी. उच्च दाबाच्या पाण्याने शिंगल धुणे, जुन्या छपरावर परवानगी नसताना नवे छप्पर चढवणे, पोटमाळ्याची हवा खेळती ठेवणारी छिद्रे बुजवणे, पन्हळीतला पालापाचोळा न काढणे, ही बाकीची नेहमीची कारणे. त्यांतले हवा खेळती ठेवण्याचे कलम विशेष लक्ष देऊन वाचावे. कोंडलेल्या उष्णतेने शिंगल खालून भाजते, वेळेआधी ठिसूळ होते, आणि कंपनीचा तपासनीस पोटमाळ्यात डोकावून दावा नाकारतो. ते नाकारणे तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असते.

गळती लागलीच तर क्रम महत्त्वाचा आहे. दोष लक्षात आल्यापासून ठरावीक दिवसांत, पुष्कळदा ३० दिवसांत, लेखी कळवण्याची अट असते. ताडपत्री टाकून तात्पुरता बंदोबस्त करावा, पण कंपनीने पाहणी करण्यापूर्वी दोषी माल उतरवू नये किंवा दुसऱ्याकडून कायमची दुरुस्ती करून घेऊ नये, कारण पुरावाच नाहीसा झाला म्हणून दावा फेटाळला जातो. बिल, हमीपत्र, नोंदणीचे प्रमाणपत्र, कामाच्या वेळची छायाचित्रे, आणि मालाच्या वेष्टनावरचा बॅच क्रमांक या गोष्टी एकत्र ठेवाव्यात. कामातून उरलेले एक-दोन पत्रे किंवा शिंगल सावलीत जपून ठेवले तर रंग किती उतरला याची तुलना करायला त्यांच्यासारखा पुरावा नाही. पाहणीत कारण वॉरंटीबाहेरचे निघाले तर पाहणीचा खर्च मालकाकडून घेतला जाईल का, हे तपासनिसाला बोलावण्यापूर्वी विचारावे. तक्रार कंत्राटदार आणि कंपनी अशा दोघांकडे एकाच वेळी करावी. एकाचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपून जाते असे पुष्कळ ठिकाणी घडते.

घर विकताना किंवा विकत घेताना वॉरंटीच्या हस्तांतराचे कलम काढून वाचावे. बऱ्याच हमी एकदाच आणि एकाच नव्या मालकाकडे जातात, त्यासाठी विक्रीनंतर ठरावीक दिवसांत लेखी कळवावे लागते, कधी शुल्क भरावे लागते, आणि हस्तांतर झाल्यावर ‘आजीवन’ मुदत आकड्यांतल्या मर्यादित वर्षांवर येते. कंत्राटदाराची हमी तर पुष्कळदा पहिल्या मालकापुरतीच असते. जुने घर घेणाऱ्याने छप्पर कधी घातले, वॉरंटीची मुदत खरेदीच्या तारखेपासून धरली आहे की काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून, आणि ती यापूर्वी एकदा हस्तांतरित होऊन गेली आहे का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावेत आणि मूळ कागद हातात घेऊनच छपराची किंमत व्यवहारात धरावी.